लॅटिनला थांबवणारा फादर

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. एसटी स्टँडच्या आसपास एक फलक हमखास सापडतो. एखाद्या देवाचं किंवा संताचं नाव, आणि पुढे 'कॉन्व्हेंट'.

कॉन्व्हेंट म्हणजे नन राहतात ते घर. या इमारतीत नन नाही, क्रूस नाही, प्रार्थनागृह नाही. इंग्रजी आहे, असं पालक सांगतात.

अशाच एका शाळेत दुसरीतल्या पोरीला मी इंग्रजी पुस्तक वाचायला सांगितलं. धडाधड वाचत गेली, कुठे अडखळली नाही. विचारलं, 'याचा अर्थ काय गं?' ती शांतपणे म्हणाली, 'अर्थ अजून शिकवला नाही.'

मराठी पुस्तक पुढे केलं. तिला जोडाक्षर लागेना.

ना हे, ना ते. नेमकी हीच तक्रार तीनशे वर्षांपूर्वी एका कॅथलिक फादरने केली होती. तक्रार होती लॅटिनबद्दल. आणि कॅथलिक शाळेच्या ज्या दबदब्यावर आपल्याकडे असल्या फलकांचा धंदा चालतो, तो दबदबा ज्यांनी कमावला त्यांच्यात या फादरचं नाव फार वर आहे.

जाँ-बाप्तिस्त द ला साल. जन्म १६५१, गाव फ्रान्समधलं रॅन्स. बाप न्यायाधीश, घर पैशाचं. वयाच्या पंधराव्या वर्षी तिथल्या कॅथीड्रलमधलं मानाचं, उत्पन्नाचं पद पदरात पडलेलं. जन्मभर काही केलं नसतं तरी कोणी जाब विचारला नसता.

१६७९ मध्ये आद्रियाँ न्येल नावाचा गृहस्थ गरीब मुलांच्या शाळा काढायला रॅन्सला आला. ला सालने थोडी मदत केली. थोडी म्हणता म्हणता मास्तर शोधणं, त्यांची जेवणाखाण्याची सोय लावणं, सगळं त्याच्याच गळ्यात आलं. हे मास्तर कोण? धड शिकलेले नाहीत, धड वागायची रीत नाही, पोट भरायला दुसरं काम मिळालं नाही म्हणून आलेले. आपण त्यांना घरगड्यापेक्षाही खालचे समजत होतो, असं ला सालने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

जून १६८१ मध्ये त्याने त्यांनाच आपल्या घरात राहायला आणलं.

नातेवाइकांनी आकाशपाताळ एक केलं. धाकट्या भावांना घरातून हलवलं. मास्तर पंगतीला बसला म्हणून घर फुटलं, असं आपल्याकडेच होतं असं नाही.

मास्तरांनीही त्याला सोडलं नाही. तुम्हाला काय, शाळा बुडाली तर तुमचं उत्पन्न शाबूत, रस्त्यावर येणार ते आम्ही, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. यावर श्रीमंत माणूस काय करतो? समजूत घालतो, बक्षिशी देतो, विषय बदलतो. ला सालने १६८३ मध्ये पदच सोडलं. १६८४ च्या दुष्काळात वारशाचा पैसा भुकेल्यांना भाकरी वाटण्यात घातला. शाळांसाठी राखून ठेवा, असं लोक सांगत होते. त्याने राखला नाही.

तेच १६८४ साल गोव्यात कसं उगवलं? पोर्तुगीज व्हॉइसरॉयने २७ जूनला हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडावी आणि पोर्तुगीज बोलावं. शिकवायचं कोणी? चर्चच्या पाद्र्यांनी आणि मास्तरांनी.

धर्म एक, साल एक. एकीकडे पोराच्या तोंडात भाकरी, दुसरीकडे त्याच्या तोंडातली भाषा काढून घ्यायचा हुकूम.

ला सालने मास्तरांचा संघ उभा केला. या संघातला माणूस ब्रदर. आपल्याकडे फादर आणि ब्रदर यांत फरक करायची सवय नाही, पण इथे सगळं त्या फरकावर उभं आहे. ब्रदर व्रत घेतो, लग्न करत नाही, स्वतःची मालमत्ता ठेवत नाही. पण मिस्सा करत नाही आणि पापनिवेदन ऐकत नाही. तो शिकवतो. संघात पुरोहित असायचाच नाही, हा नियम. कारण उघड आहे. ज्याला वेदी मिळते, त्याला फळा हलका वाटायला लागतो.

फी? शून्य. पालकांकडून भेटवस्तूही घ्यायची नाही. 'डोनेशन' या शब्दाने ज्यांचं कंबरडं मोडलं आहे त्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता भाषेकडे येऊ. त्या काळच्या फ्रान्समध्ये पोराला अक्षरओळख व्हायची ती लॅटिनमधून. पोरगं घरी बोलणार फ्रेंच, शाळेत वाचणार लॅटिन, कळणार काहीच नाही. रीतच तशी होती आणि रीत मोडायला बिशपसुद्धा तयार नव्हते. शार्त्रच्या बिशपने आग्रह धरला तेव्हा ला सालने त्याला कारणं लिहून कळवली.

पोरगं जी भाषा बोलतं ती वाचायला सोपी. ती शिकायला वेळ कमी लागतो. ती वाचता आली की लॅटिन वाचणं पुढे अवघड नाही. आणि मुख्य मुद्दा असा की गरिबाचं पोर शाळेत फार वर्षं टिकत नाही. हाताला काम लागलं की आईबाप त्याला काढून नेतात. लॅटिनपासून सुरुवात केली तर ते जाताना धड लॅटिन नेणार नाही आणि धड फ्रेंचही नेणार नाही.

पोर जाताना काय नेणार? त्याचा सगळा हिशोब या एका प्रश्नावर चालायचा.

म्हणून त्याच्या वर्गात आधी फ्रेंच. लॅटिन नंतर, तेही प्रार्थनेची पोथी वाचता येण्यापुरतं. त्यापुढे काय होतं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वरच्या वर्गातल्या पोरांना हाताने लिहिलेले जुने कागद वाचायला द्यायचे. करारनामे, पावत्या, भाडेपट्टे. मग तेच स्वतः लिहायला लावायचं. कारण गरीब माणूस कविता न कळल्यामुळे लुबाडला जात नाही. तो कागद न कळल्यामुळे लुबाडला जातो. सातबारा समोर धरून तलाठ्याच्या तोंडाकडे बघणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

या ब्रदरांची शिकवण्याची वही १७२० मध्ये, ला साल गेल्यावर वर्षभराने छापली गेली. तिच्यात काय नाही? एकेका पोराला जवळ बोलावून शिकवायची जुनी पद्धत सोडून सगळ्या वर्गाला एकदम कसं शिकवायचं. मास्तरने तोंडाची वाफ न दवडता लाकडी टिकटिक वाजवून वर्ग कसा हाकायचा. पोरं न्याहारी वर्गातच करणार, आणि ज्याच्याकडे भाकरी नाही त्याच्यासाठी टोपलीत भाकरी गोळा करणार. गैरहजर पोरांच्या घरी चौकशीला जायला गल्लीवार विद्यार्थी नेमलेले.

छडीही होती. नियमांत बांधलेली, पण होती. ती लपवून ला सालला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही.

मग या फुकट शाळांवर पहिला दगड कोणी मारला? राजाने नाही, नास्तिकाने नाही. पैसे घेऊन लिहायला शिकवणाऱ्या पॅरिसच्या मास्तरांच्या संघटनेने. त्यांचं म्हणणं असं की धर्मादाय शाळेत फक्त कंगालांची पोरं घ्या, ज्याला फी परवडते तो आमचं गिऱ्हाईक आहे. १७०४ मध्ये खटले झाले, दंड झाले, शाळेतलं सामान जप्त झालं.

फुकट शाळा चांगली निघाली की ती कोणाला खुपते, हे तेव्हापासून माहीत आहे.

दुसरा दगड आला तो ज्ञानाच्या बाजूने. ब्रिटनीच्या न्यायसभेचा सरकारी वकील ला शालोते याने १७६३ मध्ये राष्ट्रीय शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात ब्रदरांवर त्याचा राग काय? ज्यांनी रंधा आणि कानस चालवायची, त्यांना हे लोक लिहायला-वाचायला शिकवतात. मजुरांना शिक्षणापासून दूर ठेवायच्या या विचाराबद्दल त्याचे आभार मानणारं पत्र कोणी लिहिलं? व्होल्तेरने.

होय, तोच व्होल्तेर, विचारस्वातंत्र्याचा कैवारी.

या ब्रदरांना फ्रान्समध्ये 'अडाणी' अशा अर्थाचं टोपणनाव पडलं होतं. कारण त्यांना लॅटिन येत नाही. अडाण्यांनी सुताराच्या पोराला वाचायला शिकवलं, आणि विद्वानांना ते नको होतं. आपल्याकडे जोतीला शाळेतून काढा, असा सल्ला गोविंदराव फुल्यांना देणारे वेगळं काय म्हणत होते? जोतीराव शाळेत परत गेले, तीही मिशनची शाळा होती, स्कॉटिश प्रोटेस्टंटांची. त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सरकारला सुनावलं की पैसा रयतेचा आणि शिक्षण मात्र वरच्यांचं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीने संघ मोडला, नेपोलियनच्या काळात तो पुन्हा उभा राहिला. जुलै १९०४ मध्ये फ्रान्सने धर्मसंघांना शिकवायलाच बंदी घातली. ती घालणारा पंतप्रधान एमिल कोंब तरुणपणी स्वतःच पाद्री व्हायला निघाला होता.

बंदीचा परिणाम उलटा झाला. हजारो ब्रदर सामान बांधून निघाले. स्पेन, कॅनडा, तुर्कस्तान, मेक्सिको, क्यूबा. एका देशाने शाळा बंद केल्या आणि त्या जगभर पसरल्या.

आज सुमारे ८० देश, १० लाखांवर विद्यार्थी. ब्रदर मात्र ३,००० च्या आसपास उरले आहेत. १९६० च्या दशकात ते १६,००० हून अधिक होते. शाळा आता चालवतात ते पगारी शिक्षक, संसारी माणसं, त्यांत बायकाही मोठ्या संख्येने. ला सालच्या संघात बाईला जागा नव्हती. आज तिच्याशिवाय त्याची शाळा एक दिवस उघडणार नाही.

जगभर पसरताना एक गोष्ट मात्र निसटली. सिंगापूर आणि पेनांगमध्ये हे ब्रदर १८५२ मध्ये पोचले, हाँगकाँगला १८७५ मध्ये, मनिलाला १९११ मध्ये. सगळीकडे इंग्रजी. मनिलाला तर त्यांना अमेरिकन आर्चबिशपने बोलावून घेतलं, तेही सुखवस्तू घरांतल्या मुलांना इंग्रजीतून शिकवायला. ज्याने पोराच्या तोंडची भाषा आधी शिकवा म्हणून बिशपशी वाद घातला, त्याच्याच नावाची शाळा साहेबाच्या भाषेचं दुकान झाली.

मनिलातल्या याच ब्रदरांच्या कॉलेजात १२ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानी सैनिकांनी १६ ब्रदरांना आणि आसऱ्याला आलेल्या लोकांना मारलं. दुकान म्हणालो तो शब्द मी मागे घेत नाही, पण तिथे मेलेल्या माणसांपुढे मान झुकवल्याशिवाय पुढेही जात नाही.

अशा शाळांची माहितीपत्रकं उघडली की आधी माजी विद्यार्थ्यांची यादी. यादीने काय सिद्ध होतं? फिदेल कास्त्रो सांतियागोच्या ला साल शाळेत होता, आणि १९६१ मध्ये त्याच्याच सरकारने क्यूबातल्या सगळ्या खासगी शाळा ताब्यात घेतल्या. मलेशियाचे माजी पंतप्रधान नजीब रझाक क्वालालंपूरच्या सेंट जॉन्स या ब्रदरांच्याच शाळेचे. २०२० मध्ये भ्रष्टाचारात दोषी ठरले, २०२२ पासून तुरुंगात. ब्रूस ली हाँगकाँगच्या ला साल कॉलेजात होता. तिथे त्याचं जमलं नाही, त्याला दुसऱ्या शाळेत जावं लागलं.

नावांवरून शाळा कळत नाही. बेथलेहेमला जा, तिथे कळते. १९७३ मध्ये व्हॅटिकनने या ब्रदरांच्या हाती तिथे विद्यापीठ दिलं. विद्यार्थ्यांत बहुसंख्य मुस्लिम, त्यांत मुली जास्त. १९८७ मध्ये इस्रायली लष्कराने ते बंद केलं, ते तीन वर्षं. बाहेर मिळेल त्या जागी वर्ग चालू राहिले.

अमेरिकेतली गोष्ट तर आपल्यासाठीच घडली आहे असं वाटतं. तिथल्या ब्रदरांकडे आयरिश स्थलांतरितांची पोरं यायची. पुढे पाद्री व्हायचं, कॉलेजात जायचं, तर लॅटिन हवं. ब्रदर शिकवायला लागले. वरिष्ठांनी रोखलं, कारण संस्थापकाने लॅटिन नको म्हटलं होतं. वाद रोमपर्यंत गेला, १९०० च्या सुमारास वरिष्ठ जिंकले, आणि बंदी उठायला १९२३ उजाडलं.

रॅन्समधल्या पोराला लॅटिन नको होतं म्हणून ते थांबवलं. न्यूयॉर्कमधल्या पोराला ते हवं होतं, तरी थांबवलं. संस्थापकाचा नियम पाठ होता, त्याचा प्रश्न कोणाच्या लक्षात राहिला नव्हता.

म्हणून मराठीचा झेंडा घेऊन इंग्रजीला शिव्या घालणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. इंग्रजी शिडी आहे. गरिबाच्या पोराला ती हवीच. रिक्षावाला पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी शाळेत घालतो, तो मूर्ख नाही. त्याला फसवलं जातं आहे. आधी पाय रोवायला जमीन द्या, मग शिडी. आपण अधांतरी शिडी धरायला लावतो आणि पोर पडलं की त्यालाच 'ढ' म्हणतो.

आणि ला सालच्या शाळांचा काळा हिशोब? तोही मांडायलाच हवा. उत्तर आयर्लंडमध्ये किरकबिन इथे याच ब्रदरांचं मुलांचं वसतिगृह होतं. तिथे मुलांवर लैंगिक आणि शारीरिक अत्याचार झाले. चौकशी आयोगासमोर २०१४ मध्ये संघाला माफी मागावी लागली, २०१७ मध्ये अहवाल आला. कोणाची मुलं होती ती? ज्यांच्या मागे कोणी नव्हतं त्यांची. ज्या पोरांसाठी ला सालने घर सोडलं, नेमकी ती.

माफी मागितली म्हणून हे पान फाडता येत नाही.

आता घरी येऊ. गोव्यात १९९० च्या सुमारास सरकारने ठरवलं की अनुदान कोकणी किंवा मराठीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच. चर्चच्या शाळा कोकणीत गेल्या, आणि चालल्या. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं. रस्त्यावर आंदोलनं झाली, पण चर्चच्या शाळा इंग्रजीत परतल्या. १६८४ मध्ये व्हॉइसरॉयला हुकूम काढावा लागला होता. या वेळी पालकांनीच मागणी केली.

कॅथलिक म्हणजे इंग्रजी, हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापणारा फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होता. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. जन्माने इंग्रज असलेला फादर मराठी शिकला, आणि आपण मराठी असून पोराला शिकवत नाही?

कायद्याचंही बघा. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा गरिबांना राखल्या. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून वगळलं. संस्थांना स्वायत्तता हवी, हे मान्य. पण वगळलं म्हणजे मनाई केली असं नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात, वस्त्यांमध्ये मराठीतून शाळा चालवणारे फादर आणि सिस्टर आहेत, त्यांना मी हात जोडतो. शहरातल्या नामांकित कॅथलिक शाळांना मात्र सरळ विचारतो. दाराशी उभ्या असलेल्या भाजीवालीच्या पोराला घ्यायला तुम्हाला कायदा कशाला लागतो? ला सालला लागला नव्हता.

प्रवेशाचे दिवस येतील. फॉर्म, रांगा, मुलाखती. तुम्ही शाळेत जाल, गणवेश बघाल, बस बघाल, फलकावरचं नाव बघाल.

आणखी एक करा. दुसरीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला बोलवायला सांगा. त्याच्या घरी जी भाषा बोलतात त्या भाषेतलं एक पान त्याच्यापुढे ठेवा. ते वाचू द्या. मग विचारा, यात काय लिहिलंय रे? त्याला सांगता आलं नाही, तर फॉर्म परत करा आणि घरी या.